एकशें तीन कुटुंबांचा हिशेब

प्राध्यापकाचा परिचय करून देतांना त्याच्या पदव्या, त्यानें भूषविलेलीं पदें आणि त्याच्या ग्रंथांचीं नांवें यांची माळ गुंफण्याची आपल्याकडे रूढि आहे. सभेच्या अध्यक्षाला ती सोयीची असते; कारण मणी मोजून दाखविले म्हणजे मनुष्याविषयीं कांहीं सांगितल्याचें समाधान मिळतें. परंतु शेतीचें अर्थशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकाची परीक्षा या माळेवरून होत नाहीं, असें आम्हांस पुष्कळ वर्षें वाटत आलें आहे. हा विषयच असा चमत्कारिक आहे कीं, शेतकी शिकलेल्याला त्यांतील अर्थशास्त्र परकें वाटतें आणि अर्थशास्त्र शिकलेल्याला शेताचा बांध ओलांडण्याचें भय वाटतें. दोहोंच्या मध्यें जें कुटुंब उभें असतें, ज्याला जमीन कसावयाची असते आणि वर्षाच्या शेवटीं चूलहि पेटती ठेवावयाची असते, तें दोघांच्याहि नजरेंतून सुटतें. तें कुटुंब ज्याच्या दृष्टीस पडलें तो या विषयाचा खरा शिक्षक. आमच्या पुणें प्रांतांत ज्यांना हा मान प्रथम द्यावा असें आम्हांस वाटतें, ते अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हते आणि या देशचेहि नव्हते. ते रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचें नांव डॉ. हॅरोल्ड मॅन.

मॅन यांचा जन्म १८७२ सालचा, इंग्लंडांतील यॉर्क शहरचा. लीड्स येथें आणि पुढें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. १९०० सालीं ते हिंदुस्थानांत आले ते कुणब्याची सेवा करण्यासाठीं नव्हे, तर चहाच्या मळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रीय अधिकारी म्हणून. चहाच्या झाडावरील कीड व रोग यांविषयीं सर जॉर्ज वॅट यांच्यासमवेत त्यांनीं लिहिलेला ग्रंथ १९०३ सालीं निघाला. १९०७ सालीं ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. १९२१ पासून १९२७ पर्यंत मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे ते डायरेक्टर होते. त्यानंतर स्वदेशीं परत जाऊन वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर त्यांनीं १९५६ पर्यंत काम केलें, आणि १९६१ सालीं ते वारले. ही झाली माळ. हिच्यांत अर्थशास्त्राचा मणी कोठें दिसत नाहीं. तो शोधावयाचा तर एका लहानशा निबंधाकडे वळावें लागतें. सीबोम राउंट्री यांनीं यॉर्क शहरांतील दारिद्र्याची घरोघर पाहणी करून १९०१ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तीच रीत मॅन यांनीं बेडफर्डशायरमधील रिजमाँट नांवाच्या खेड्याला लावून पाहिली आणि तिचें फलित १९०५ च्या सुमारास प्रसिद्ध केलें. खेडें म्हटलें कीं सुखी, हिरवें, स्वयंपूर्ण अशी जी कविकल्पना इंग्रजांच्याहि मनांत घर करून होती, तिला या घरोघरच्या मोजणीनें चांगलाच धक्का दिला.

रसायनज्ञ मनुष्य पदार्थ तराजूंत घातल्यावांचून त्याविषयीं मत देत नाहीं. हीच संवय मॅन यांनीं पुण्यास आणली. त्या काळीं दक्षिणेंतील शेतकऱ्याच्या स्थितीविषयीं मतांची मुळींच वाण नव्हती. सरकारी अधिकारी म्हणत कीं शेतकरी उधळ्या व आळशी आहे. सरकारचे टीकाकार म्हणत कीं साराच त्याला खातो. कोणी सावकाराला दोष देई, कोणी पावसाला. मॅन यांनीं यांपैकीं कोणाचाच पक्ष घेतला नाहीं. कॉलेजांतील द. ल. सहस्रबुद्धे, न. वि. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे इत्यादि सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते एका खेड्यांत गेले. तें खेडें म्हणजे पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर.

आजच्या वाचकास हें नांव ऐकून हंसूं येईल. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींतील पिंपळे सौदागर म्हणजे आज उंच इमारतींची, रुंद रस्त्यांची आणि संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या कुटुंबांची वस्ती. तेथें नांगर पाहावयाचा तर एखाद्या उपाहारगृहाच्या दारांत शोभेसाठीं ठेवलेलाच पाहावा लागेल. परंतु १९१४-१५ सालीं या गांवच्या शेतांतील माती काढून तपासली जात होती, विहिरी मोजल्या जात होत्या, कर्ज, व्याज, मजुरी, बैल, अवजारें यांचे आंकडे लिहिले जात होते, आणि जुन्या दप्तरांतून पेशवाईपर्यंत मागें जाऊन जमिनीचा इतिहास काढला जात होता. या कामाचा ग्रंथ १९१७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेंतील पहिलें पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच्या नांवांत 'जमीन' आणि 'श्रम' हे दोन शब्द आहेत व दक्षिणेंतील 'एका' खेड्याचा उल्लेख आहे. त्या 'एका' या शब्दांत लेखकाचा सारा विनय सांठविलेला आहे.

त्या ग्रंथांतील कांहीं आंकडे पुढें पाठ्यपुस्तकांतून इतके फिरले कीं ते कोणत्या गांवचे हेंहि विद्यार्थी विसरले. १७७१ सालीं या गांवांत सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतें. १८१८ त तें साडेसतरा एकरांवर आलें, १८२० ते १८४० च्या काळांत १४ वर, आणि १९१५ च्या सुमारास अवघ्या ७ वर. बरें, हे ७ एकर तरी एका जागीं असावे? तसेंहि नव्हतें. १५६ मालकांची जमीन सातशेंहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती. त्यांतले ४६३ तुकडे एकराहून लहान होते, आणि ११२ तर पाव एकराहून लहान. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. एवढ्याशा पट्टीवर बैल वळवावयाचा तर तो शेजाऱ्याच्या पिकांत जावयाचा. बांधाखालीं जमीन जावयाची, बांधावरून भांडण व्हावयाचें, आणि त्या तुकड्यासाठीं विहीर खणण्याचा विचार शहाणा मनुष्य करणार नाहीं तो नाहींच. सर्व भावांस सर्व प्रकारच्या जमिनींत वांटा मिळावा ही वारशाची न्यायबुद्धि मुळांत सदोष नव्हे. पण न्यायानें केलेल्या वांटण्यांची बेरीज कशी अन्यायाइतकीच घातक होते, हें या आंकड्यांवरून दिसलें.

ही गोष्ट आम्हांस पुस्तकांत वाचण्यापूर्वीं घरीं समजलेली होती. आमचें मूळ गांव खेड तालुक्यांत, चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या बाजूस. आमच्या वडिलांच्या पिढींत शेताचे चार हिस्से झाले आणि विहीर एकच राहिली. पाण्याची पाळी ठरली होती. पण वळवाच्या पावसानें हूल दिली कीं पाळी कोणाची, हा प्रश्न निघे आणि चार भाऊ, जे दिवाळीला एका पंक्तीस बसत, ते विहिरीच्या थारोळ्यावर एकमेकांशीं बोलेनासे होत. वडील म्हणत, "जमीन वाटता येते रे, पाणी वाटता येत नाही." पुढें जेव्हां पिंपळे सौदागरचे आंकडे आमच्या हातीं आले, तेव्हां ते आम्हांस आंकडे असे वाटलेच नाहींत. आमच्या काकांचे चेहरे त्यांत दिसले.

तथापि या ग्रंथाचा गाभा तुकड्यांच्या गणतींत नाहीं. तो कुटुंबांच्या वर्गवारींत आहे. मॅन यांनीं १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडला, आणि गांवकऱ्यांच्याच राहणीचें मान धरून साधा प्रश्न विचारला: साधारण बऱ्या वर्षीं या कुटुंबाची तोंडमिळवणी होते काय? केवळ आपल्या जमिनीच्या उत्पन्नावर ज्यांची ती होत होती अशीं कुटुंबें ८ निघालीं. जमिनीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन ज्यांचें भागत होतें अशीं २८. आणि दोन्ही करूनहि ज्यांचें भागत नव्हतें अशीं ६७. एवढ्या तीन आंकड्यांनीं शेतकऱ्याच्या आळसाची सर्व चर्चा बंद पाडावयास हवी होती. कारण ज्याला जमिनीवर राबून पुन्हां खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबावें लागत होतें, त्याला आळशी म्हणावयास जिभेला कांहीं हाड असावें लागतें.

यावर आक्षेप निघाला, आणि तो खोटा नव्हता. पिंपळे सौदागर पुण्याच्या व खडकीच्या कुशींत. तेथें बाहेरची मजुरी मिळते. असें गांव दक्षिणेचा नमुना कसें मानावें? या आक्षेपास मॅन यांनीं जें उत्तर दिलें तें आमच्या मतें कोणत्याहि व्याख्यानाहून मोठें आहे. त्यांनीं वाद घातला नाहीं. दुसरें गांव घेतलें. शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक हें शहरापासून दूरचें, कोरडवाहू गांव त्यांनीं कानिटकरांसह पुन्हां घरोघर पाहिलें आणि १९२१ सालीं त्याचा ग्रंथ काढला. तेथील चित्र पहिल्याहून काळें निघालें. आपल्या निष्कर्षावर शंका आली असतां शिक्षकानें काय करावें, याचा वस्तुपाठ याहून चांगला कोणता असणार? या वस्तुपाठाचें फळहि तेथेंच दिसतें. पहिल्या ग्रंथांत ज्यांचें नांव सहकाऱ्यांच्या रांगेंत होतें, ते कानिटकर दुसऱ्या ग्रंथांत जोडीचे लेखक झाले, आणि पुढें १९४४ सालीं कोरडवाहू शेतीवर स्वतःचा ग्रंथ लिहून त्यांनीं या विषयांत अधिकार मिळविला. विद्यार्थ्याला वा सहकाऱ्याला आपल्या मागून चालावयास लावणारे गुरु पुष्कळ असतात. बरोबरीनें चालूं देणारे थोडे.

आम्ही स्वतः अनेक वर्षें हा विषय विद्यार्थ्यांस शिकविला. मागणी व पुरवठा यांच्या वक्ररेषा फळ्यावर काढून झाल्या कीं आम्ही त्यांस एक काम देत असूं: आपल्या घरचा किंवा ओळखीच्या एका शेतकरी घरचा वर्षाचा जमाखर्च लिहून आणावयाचा आणि तें घर मॅन यांच्या तीन वर्गांपैकीं कोणत्या वर्गांत पडतें तें सांगावयाचें. काम सोपें दिसे. पण मुलें पंधरा दिवसांनीं परत येत तीं पडलेल्या चेहऱ्यांनीं. कित्येकांना आपल्या बापाच्या कर्जाचा आंकडा आयुष्यांत प्रथमच कळलेला असे. एका मुलानें तर कागद कोराच आणून दिला आणि "हिशेब लिहिला, पण दाखवता येणार नाही" असें सांगितलें. त्याला आम्हीं पूर्ण गुण दिले.

एके वर्षीं चाकणजवळच्या एका खेड्यांतील मुलीनें आपल्या घरचा हिशेब आणला. थोड्या जमिनींत कांदा व बटाटा, दोन म्हशी, थोरला भाऊ मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यांत कंत्राटावर, आणि उरलेल्या दोन-तीन गुंठ्यांवर पत्र्याच्या सहा खोल्या, ज्यांत बिहार व मराठवाडा येथून आलेले कामगार भाड्यानें राहात. हिशेब मांडून झाल्यावर तिनें विचारलें, "सर, खोल्या आमच्याच जमिनीवर आहेत. मग त्यांचं भाडं जमिनीचं उत्पन्न धरायचं, की बाहेरचं? जमिनीचं धरलं तर आम्ही पहिल्या वर्गात जातो. बाहेरचं धरलं तर दुसऱ्या." वर्ग हंसला. मग तिनें जरा थांबून म्हटलें, "आणि म्हशींचं सगळं आई करते. तिची मजुरी खर्चात लिहिली तर आम्ही तिसऱ्यात जातो." यावर मात्र कोणी हंसलें नाहीं.

त्या तासाला पुढें नेमलेला पाठ झालाच नाहीं. एका बाजूचें म्हणणें असें कीं जमिनीनें दिलें तें जमिनीचें, मग तिच्यांतून कांदा निघो कीं भाडें. दुसरीचें असें कीं नांगराखालून निघेल तेंच शेतीचें. आईच्या मजुरीविषयीं मुली एका बाजूस आणि मुलगे दुसऱ्या बाजूस अशी सरळ फाळणी झाली. आम्हीं शेवटीं एवढेंच सांगितलें कीं घराला जो रकाना लागतो तो आंखावा. पुस्तकांत तो नाहीं म्हणून घरांतली रक्कम दडवूं नये. एका मुलीच्या प्रश्नानें शंभर वर्षांपूर्वींची वर्गवारी अपुरी ठरली, यांत मॅन यांचा पराभव आम्हांस दिसला नाहीं. घरोघर जाऊन विचारण्याची त्यांची रीत ज्यानें उचलली त्याला त्यांचे रकाने कधींतरी अपुरे पडणारच.

या पट्ट्याविषयीं एक शोकगीत सर्वत्र ऐकूं येतें, त्याचा विचार येथें करणें प्राप्त आहे. तें असें कीं, सुखानें शेती करणाऱ्या गांवांवर कारखाने चालून आले आणि त्यांनीं शेतकऱ्याला देशोधडीस लाविलें. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ सालीं निघाला. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ त स्थापन झालें. पाठोपाठ मोटारी व दुचाकी यांचे प्रचंड कारखाने आले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून ही लाट चाकणच्या माळावर चढली. हा क्रम खरा आहे. जमीन जातांना ज्यांस वेदना झाल्या त्यांच्या वेदनाहि खऱ्या आहेत. त्या आम्हीं आमच्या घरीं पाहिल्या आहेत. परंतु सुखाची शेती जी म्हणतात ती कोठें होती? यांतला पहिला कारखाना पिंपरीस येण्यापूर्वीं जवळजवळ चाळीस वर्षें, त्याच पवनेच्या कांठीं, १०३ पैकीं ९५ कुटुंबांचें केवळ जमिनीवर भागत नव्हतें. कारखान्यानें त्यांची पोटभर भाकरी हिरावून घेतली हें म्हणणें हिशेबास धरून नाहीं. अर्धपोटीं मनुष्य मजुरीच्या शोधांत आधींच घराबाहेर पडला होता. मजुरी त्याच्या दाराशीं आली, एवढेंच.

पण हिशेबाची दुसरी बाजूहि तितकीच कठोर आहे. ज्या तुकड्यांना मॅन यांनीं शेतीचा रोग म्हटलें, आणि ज्यांस आळा घालण्यासाठीं १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदीचा कायदा केला, तेच तुकडे पुढें सोन्याच्या भावानें विकले गेले. दहा गुंठ्यांवर बैल वळत नव्हता. इमारत मात्र सहज वळली. लोकांनीं अशा नव्या धनिकांना 'गुंठामंत्री' अशी थट्टेची पदवीहि देऊन टाकली. या थट्टेंत असूया आहे तशी एक समजहि आहे. सात एकर कसूनहि ज्या घराची तोंडमिळवणी झाली नाहीं, त्याला कांहीं गुंठे विकून एकदम जी रक्कम मिळाली ती कसावी कशी, हें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें. आमच्या चार काकांच्या हिश्शांपैकीं तीन गेले. एका घरीं त्या पैशांतून मुलें शिकलीं. एका घरीं गाडी आली आणि गेली. तिसऱ्या घरीं काय झालें तें लिहिण्याजोगें नाहीं. चौथा हिस्सा अजून आहे, आणि त्यावर आजहि चरितार्थ चालत नाहीं.

म्हणून शेतीच्या अर्थशास्त्राच्या शिक्षकाचें काम शेतें संपलीं म्हणजे संपतें, हें आम्हांस मान्य नाहीं. पुण्याला या कामाची परंपरा आहे. १९३० सालीं गोखले अर्थशास्त्रसंस्था स्थापन झाली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनीं वाई तालुक्यांतील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करविली व ती १९४० सालीं प्रसिद्ध झाली. याच संस्थेंतून १९७१ सालीं दांडेकर व रथ यांचा हिंदुस्थानांतील दारिद्र्यावरील विख्यात निबंध आला. पिंपळे सौदागरचीहि पुनःपाहणी होऊन तिचा ग्रंथ १९६० सालीं निघाला. स्वतः मॅन यांनीं वोबर्नला बसून दक्षिणेच्या पर्जन्याचा व दुष्काळाचा अभ्यास सोडला नाहीं. त्यांचा त्यावरील ग्रंथ १९५५ सालीं, वयाच्या ऐंशीनंतर, प्रसिद्ध झाला. ज्या देशांतून निघून अठ्ठावीस वर्षें झालीं त्या देशाचा पाऊस मोजीत बसणाऱ्या या वृद्धाचें चित्र आम्हांस फार आवडतें.

आज चाकणच्या वाटेवर सकाळच्या पाळीच्या गाड्या धांवतांना दिसतात. त्यांत बसलेल्या तरुणांपैकीं कितीकांच्या नांवावर अजून सातबाऱ्याच्या एका ओळींत आणे-पैचा हिस्सा असेल. कितीकांचें कंत्राट पुढच्या महिन्यास संपणार असेल. १९१७ सालचा प्रश्न त्यांनाहि लागू आहे: साधारण बऱ्या वर्षीं या घराची तोंडमिळवणी होते काय? त्याचें उत्तर मतानें मिळत नाहीं. दारांत जाऊन, ओसरीवर बसून, चहा घेऊन, मग विचारावें लागतें. आमच्या विषयांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनें असें निदान एक घर विचारलेलें असावें, आणि तें शक्य तों स्वतःचें असावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.